ऐकलं की मान्य?

ऑर्डर आली हे सांगायला येणारा माणूस कारखान्यात सगळ्यांना आवडतो. मालक त्याला बसायला सांगतात, चहा मागवतात, 'अजून काय म्हणतंय गिऱ्हाईक?' असं कौतुकानं विचारतात. ऑर्डर बदलली हे सांगायला येणारा मात्र दारात दिसला, की मालकांना कुणाला तरी तातडीचा फोन करायचा आठवतो, डाईंग मास्तर रंगाच्या टाकीवर वाकतो आणि पॅकिंगचा सुपरवायझर कार्टनच्या थप्पीमागं जाऊन काहीतरी मोजू लागतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना टॉवेल परदेशी पाठवतो. तिथं या दुसऱ्या कामावर एकच माणूस आहे. त्याला या कामाचा संकोच नाही. उलट, चेहऱ्यावर एक तेज असतं.

त्यांना सगळे साठे म्हणतात. आडनाव साठे नाही. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या साखळ्या ऑर्डरचा कागद पाठवत नाहीत. त्यांचा संगणक आमच्या संगणकाशी परस्पर बोलतो, याला ईडीआय म्हणतात, आणि प्रत्येक कागदाला तिथं नावाऐवजी आकडा असतो. ऑर्डर म्हणजे ८५०. ती पोचल्याची पावती ९९७. ती मान्य असल्याचा होकार ८५५. माल निघाल्याची आगाऊ वर्दी ८५६, बिल ८१०. आणि दिलेली ऑर्डर गिऱ्हाइकाला फिरवायची असेल, तर ८६०. रोज सकाळी हे गृहस्थ हातात ८६० चे छापील कागद घेऊन खात्याखात्यातून फिरतात म्हणून लूमवरच्या पोरांनी त्यांना 'आठशेसाठ' केलं. त्याचं आठशेसाठे झालं आणि पुढं बोलाबोलीत आठशे गळून पडले. गेटवरचा वॉचमन रजिस्टरात 'साठे साहेब' लिहू लागला. एका दिवाळीत मिठाईच्या पुड्यावरही तेच नाव चिकटवलेलं निघालं, तेव्हा त्यांनी हरकत घेतली. नावाबद्दल नव्हे. "बदल केलात, ठीक आहे. पण मला कळवलं कुणी?"

सोलापूरच्या मे महिन्यातही साठ्यांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद असतात. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. टेबलावर तारखेचा रबरी शिक्का, त्याची तारीख ते आल्याआल्या, पंखा लावायच्याही आधी, फिरवतात. आणि समोर लाल कापडी बांधणीची लांबलचक वही. संगणकातला सगळा कारभार या वहीत पुन्हा हातानं उतरतो. रकाने पाच: आलं, पोच दिली, दाखवलं, मान्य झालं, कळवलं. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये हजेरी कारकून होते. मिल बंद पडली, पण वहीची धाटणी घरात राहिली.

मी हिशेबखात्यात. आमच्या टेबलांमध्ये फक्त एक कपाट आहे, त्यामुळं त्यांचं तत्त्वज्ञान मला फुकटात ऐकायला मिळतं. त्याचं सार एवढंच, की पोच म्हणजे होकार नव्हे. ९९७ गेली म्हणजे तुमचं पाकीट मिळालं, फाटलेलं नव्हतं, आतलं अक्षर लागलं. आत लिहिलेलं आम्हाला पटलं असं ती म्हणत नाही. ते म्हणायला वेगळा कागद आहे: मूळ ऑर्डरीला ८५५, बदलाला ८६५. जगातली निम्मी भांडणं या दोन कागदांत गल्लत केल्यानं होतात, असं साठ्यांचं मत आहे. उरलेली निम्मी दुसरा कागद पाठवलाच नाही म्हणून.

आमचे डाईंग मास्तर जुने, मुरलेले, पूर्व भागातले. त्यांना काहीही सांगा, उत्तर एकच येतं: "होय की, साहेब." मरून रंग थांबवा. होय की. नको, मरूनच आधी घ्या. होय की. नवीन माणूस खूश होऊन परत फिरतो आणि संध्याकाळी बघतो तर टाकीत हिरवा रंग उकळतोय. साठे मात्र तिथंच उभे राहतात आणि चष्म्यावरून बघत विचारतात, "ऐकलं की मान्य?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. मास्तर पहिल्यांदा गोंधळले, मग चिडले. पण एक दिवस खरं बोलून गेले: "ऐकलं, साहेब. मान्य कसं करू? सूत काल रात्रीच टाकीत सोडलंय." साठ्यांनी निळ्या पेनानं 'दाखवलं'खाली बरोबरची खूण केली, लाल पेनानं 'मान्य'खाली फुली मारली आणि समाधानानं परतले. त्यांना हवं असलेलं उत्तर 'हो' नसतंच. खरं उत्तर हवं असतं. 'नाही' आलं तरी रकाना भरतो.

प्रश्न कारखान्याबाहेरही गेला. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीला साठ्यांना वडीलधारे म्हणून नेलं होतं. मानपानाची यादी वाचली जात होती, मुलाकडचे मामा प्रत्येक कलमाला मान हलवून "बरं, बरं" म्हणत होते. साठ्यांनी मध्येच विचारलं, "मामासाहेब, हे बरं म्हणजे ऐकलं की मान्य?" बैठकीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पुढचे दोन तास दर कलमाचा काथ्याकूट झाला. हॉलचं भाडं कुणाकडे, हा विषय तोवर कुणी काढलाच नव्हता. लग्न मात्र विनातक्रार पार पडलं. त्या घरानं साठ्यांना पुन्हा कुठल्या बैठकीला नेलं नाही, हेही खरं.

एखादा नवा पोरगा तोंडातून 'ईडीआय म्हणजे काय, ईमेलच ना?' असं काढतो, आणि त्याची दुपार साठ्यांबरोबर बर्लिनला जाते. १९४८ साली रशियनांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे तोडले. अमेरिका आणि ब्रिटननं शहर विमानांवर जगवलं. सगळ्यात जास्त वजन कोळशाचं. विमानं अनेक, माणसं अनेक देशांची, प्रत्येकाची मालाची यादी वेगळ्या धाटणीची. तेव्हा एड गिल्बर्ट नावाच्या एका अमेरिकन सार्जंटनं यादीचा एकच साचा बसवला. तो टेलेक्सनं पाठवा, रेडिओवरून सांगा, फोनवर वाचून दाखवा, पलीकडच्याला सारखाच कळेल. या बीजातून पुढं सगळं झाड वाढलं. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याचे नियम ठरवायला एक्स१२ समिती बसली, १९८७ मध्ये युरोपकडच्या एडिफॅक्टला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. एडिफॅक्टमध्ये कागदांना आकडे नसतात, अक्षरी नावं असतात. साठ्यांना ते रुचत नाही. "नावाचं काय, कुणीही बदलतं," ते म्हणतात. स्वतःच्या अनुभवावरून म्हणत असावेत.

बर्लिनच्या गोष्टीत मला एक गोष्ट नेहमी खटकते. कोळशाचं पोतं एकदा विमानात चढलं की कोळसाच राहतं. टॉवेलचं तसं नसतं. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या कुणाला तरी बुधवारी वाटतं, की या वर्षी हस्तिदंती रंग चालणार नाही, मोरपंखी चालेल. आपण म्हणू, रंग बदलला. साठे म्हणतात, रंग कधीच बदलत नाही. हस्तिदंती टॉवेलचा बारकोड वेगळा, मोरपंखीचा वेगळा. म्हणजे ८६० मध्ये एका ओळीवर 'डीआय' येतं, तो टॉवेल गेला. दुसऱ्या ओळीवर 'एआय' येतं, नवा जन्माला आला. गेलेल्याचं सूत आमच्याकडे रंगवून बीमवर चढलेलं असतं. त्याचं काय करायचं, याला त्या कागदात ओळ नाही. त्याला ओळ आमच्या ताळेबंदात असते, आणि ती मला लिहावी लागते.

साठ्यांचा खरा कस लागला तो संख्येच्या बदलात. ऑर्डर होती १२,००० बाथ टॉवेलांची. एका सकाळी ८६० आली: त्या ओळीवर 'क्यूडी', म्हणजे संख्या घटवली, आणि पुढं आकडा ४०००. प्लॅनिंगनं लगेच हिशेब केला, बारातून चार गेले, आठ हजार करायचे. मास्तरांनी होय की म्हटलं. सूत काढायला माणूस गोदामात गेलासुद्धा. साठे गोदामाच्या दारात आडवे.

"चार हजारानं कमी की चार हजारावर कमी?"

"काय सांगालाव, साहेब?" प्लॅनिंगवाला कपाळाला हात लावून म्हणाला. "घटवले म्हणतोय की तो."

साठ्यांनी त्या गिऱ्हाइकाचं नियमांचं पुस्तक आणलं. प्रत्येक साखळीचं असं पुस्तक असतं. कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे प्रत्येकीनं आपल्या सोयीनं ठरवलेलं असतं. या गिऱ्हाइकाच्या पुस्तकात स्पष्ट होतं, की त्या जागी फरक लिहायचा नाही, बदलानंतरची एकूण संख्या लिहायची. म्हणजे आठ नव्हे, चारच हजार करायचे.

मालकांनी रात्री न्यूयॉर्कला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, हो, चार हजार कापलेत, आठ पाठवा. मालक सकाळी विजयी मुद्रेनं आले. "झालं समाधान, साठे? आठ करा."

"फोन कोण करतं याला महत्त्व नाही," साठे म्हणाले. "माल गोदामात उतरेल तेव्हा त्या बाई तिथं नसतील. त्यांचा संगणक असेल, आणि त्याच्याकडे चार आहेत."

हे बोलणं मालकांना उर्मट वाटलं. मलाही वाटलं. पण चार्जबॅकचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून मी गप्प बसलो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक भांडत नाही, परस्पर पैसे कापून घेतं. वर्दीत एक संख्या, त्यांच्या ऑर्डरीत दुसरी, की कापले. लेबल चुकीच्या जागी, की कापले. कारण एका ओळीचं असतं आणि दाद मागायची तर महिने जातात. बाई खऱ्या होत्या, कागदही खरा होता. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं एवढंच.

साठ्यांनी ८६५ तयार केलं: बदल मिळाला, बदलासह मान्य, संख्या ८०००. आणि बसून राहिले. चार दिवस सूत तसंच पडून. मास्तर येता-जाता "टाकी रिकामी पडलीय, साहेब" असं ऐकवायचे. पाचव्या दिवशी नवी ८६० आली. बदलाचा क्रमांक दोन, संख्या ८०००. पलीकडं कुणीतरी एकूण संख्येच्या जागी फरक टाईप केला होता. साठ्यांनी पाचवा रकाना भरला आणि डाईंगला निरोप पाठवला. मालक त्यांच्याशी चार दिवस बोलले नाहीत, पण पाचव्या दिवशी चहा आला.

गोष्ट इथं संपली असती तर साठ्यांचा पुतळाच बसवला असता. पण वाया गेलेल्या चार दिवसांनी जहाज हुकलं. प्रत्येक ऑर्डरीत दोन तारखा असतात, हिच्याआधी पाठवू नका आणि हिच्यानंतर पाठवू नका. दुसरी तारीख उलटली की माल तुमचा, टॉवेल तुमचे, पुसा काय पुसायचं ते. तेव्हा तारीख वाढवून मागण्यासाठी आम्हालाच एक ८६५ पाठवावं लागलं, आणि त्यावर त्यांच्या ८६० ची वाट बघत सगळा कारखाना पुन्हा साठ्यांच्या टेबलाभोवती जमा झाला. साठे त्या काळात इतके शांत होते, की मास्तरांना संशय आला, या माणसाला हे आवडतंय.

आवडतंच. हे मी कपाटाच्या अलीकडून सांगू शकतो. ज्या सकाळी एकही ८६० नसते त्या सकाळी साठे अस्वस्थ होतात. संदेशपेटी पुन्हा पुन्हा उघडतात. मग ती पेटी सांभाळणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन: "काही अडकलंय का तुमच्याकडे?" पलीकडून काही अडकलेलं नाही असं सांगितलं, की विश्वास बसत नाही. दोन-तीन तास तसंच गेलं तर जुनी वही काढून मागच्या वर्षीचे बदल वाचत बसतात. एकदा एका मागे एक सात ८६० आल्या, त्याही उलटसुलट क्रमानं, तिसरी आधी, दुसरी नंतर. त्या दिवशी त्यांनी डबा अर्धा खाल्ला आणि कडक भाकरीचा तुकडा हातात धरून क्रम लावत राहिले. तोच दिवस त्यांचा सर्वांत आनंदाचा असावा.

ड्रायव्हर मंडळी तर त्यांच्यावर जीव टाकतात. त्याला कारण भिगवण. माल भरून ट्रक न्हावाशेवाकडे निघाला आणि मागून ८६० आली, की साठे ड्रायव्हरला फोन करतात: "जिथं असशील तिथं थांब." ड्रायव्हर नेमका भिगवणलाच असतो. बहुतेक वेळा फोन लावलेला असतो ट्रक इंदापूरच्या अलीकडं असताना, पण तो लागतो भिगवणला. उजनीची चिलापी तळून होईपर्यंत इकडं साठे, मालक आणि कस्टम्सचं काम बघणारा एजंट यांची धावपळ चाललेली. शिपिंग बिल भरून झालेलं असेल तर संख्या बदलायला कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागावी लागते. शिवाय ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चाललेली असते, ती ड्रायव्हरच्या जेवणासाठी थांबत नाही. एका ड्रायव्हरनं मला विचारलं होतं, "साठे साहेब रिटायर झाल्यावर हे काम कोण बघणार?" त्याच्या आवाजात खरी काळजी होती.

मध्यंतरी एमबीए झालेला नवा एक्स्पोर्ट मॅनेजर आला. त्यानं हे सगळं बंद करायचं ठरवलं. ८६० आली की सरळ प्रणालीत शिरेल, आपोआप संख्या बदलेल, आपोआप ८६५ जाईल, मध्ये माणूस नको. साठ्यांनी फक्त विचारलं, "मान्य कोण करणार?" मॅनेजर म्हणाला, सिस्टीम. साठ्यांनी वहीत तसं लिहून घेतलं.

महिनाभर उत्तम चाललं. मग एका रात्री गिऱ्हाइकानं एक ओळ रद्द केली. त्या ओळीचा माल कंटेनरमध्ये बंद होऊन दोन दिवस झाले होते. माणूस असता तर म्हणाला असता, थांबा, माल निघालाय. आमच्या सिस्टीमनं मध्यरात्री नम्रपणे 'मान्य' कळवलं आणि सकाळी प्रणालीत समुद्राकडं निघालेला एक अख्खा कंटेनर कुणीही न मागितलेला माल झाला. त्यावर चर्चा करायला बोलावलेल्या बैठकीत साठे एक शब्द बोलले नाहीत. वही उघडली, त्या ऑर्डरीच्या ओळीवर, चौथ्या रकान्यात, स्वच्छ निळ्या अक्षरात लिहिलेलं सर्वांना दिसेल अशी ठेवली: 'सिस्टीम'.

मॅनेजर मनाचा मोठा. त्यानं साधे तारखांचे बदल तेवढे आपोआप जाऊ दिले, बाकीचे साठ्यांकडं परत वळवले. त्याच्याबद्दल साठ्यांचं मत मी एकदा विचारलं होतं. ९९७ मध्ये मुख्य शेरे तीन: 'ए' म्हणजे घेतलं, 'आर' म्हणजे परत पाठवलं, आणि मधला 'ई' म्हणजे घेतलं पण चुका दिसल्या. साठे म्हणाले, "पोरगा 'ई' आहे. चालेल."

गेल्या मार्चमध्ये त्यांचं निवृत्तीचं वय झालं. मालकांनी बोलावून सांगितलं, साठे, वर्षभर थांबा की, तुमच्याशिवाय कोण आहे. साठे म्हणाले, लेखी द्या. मालकांनी हसत हसत पत्र दिलं: एक वर्ष मुदतवाढ, बाकी सगळं पूर्वीप्रमाणे. साठ्यांनी त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारला, तारीख टाकली, प्रत परत केली. मालकांनी सगळ्या कारखान्यात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी साठ्यांचं पत्र मालकांच्या टेबलावर. मुदत मान्य. पगारात बदल. एकूण, बदलासह मान्य. मालकांनी ते वाचून "बघू" म्हटलं. मग साठ्यांनी तो प्रश्न विचारला, आणि मालकांनी उत्तर दिलं नाही.

पगार माझ्या खात्यातून निघतो, म्हणून महिनाअखेरीला मीच विचारलं, साठे, कुठल्या दरानं काढू? त्यांनी चष्मा वर ढकलला. "जुनी ऑर्डर रद्द झालेली नाही, नवी मान्य झालेली नाही. तोवर जुन्या दरानं काढत राहा. पण सही करताना मी 'हक्क राखून' असं लिहिणार." तेव्हापासून ते दर महिन्याला तसं लिहितात, लाल पेनानं, आणि त्याची नोंद वहीत असते. चौथा रकाना अजून कोरा आहे.